पडलेलं झाड कोणाचं?

न्यूझीलंड म्हटलं की तुम्हाला मेंढ्या, कुरणं आणि क्रिकेट आठवणार. पण दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकिटिकाच्या बाजूला, वर्षाला जवळजवळ तीन मीटर पाऊस पडतो. तिथल्या जुन्या रानात जमीन अशी दिसतच नाही. नेच्यांची दाट सावली, खाली पालापाचोळ्याचा थर. बारीक बी रुजणार कुठे? तर पडलेल्या झाडावर! ओंडका नेच्यांच्या गर्दीपेक्षा उंच, त्यावर शेवाळ पाणी धरून बसलेलं, आणि झाड पडल्यामुळे वरचं आभाळही मोकळं. इंग्रजीत याला 'नर्स लॉग' म्हणतात. मी आपला 'दाई' म्हणतो. कामाही नावाचं झाड तर उभ्या वृक्षनेच्याच्या खोडावरही रुजतं आणि तिथून मुळं खाली जमिनीत सोडतं.

आईबाबा इकडे आले तेव्हा त्यांना हे रान दाखवायला नेलं. छातीइतका जाड रिमू आडवा पडलेला, पाठीवर बोटभर उंचीच्या रोपांची रांग. बाबा अस्सल कोकणी. म्हणाले, "एवढं लाकूड कुजवतात? दोन घरांच्या तुळया झाल्या असत्या."

"बाबा, आपल्या देवराईतली पडलेली फांदी तरी तुम्ही कधी घरी आणलीत का?"

"तिथे देव आहे. इथे कोण आहे?"

"दंड आहे," मी म्हटलं. बाबा हसले, पण पटलं नाही.

गंमत म्हणजे बाबांचाच प्रश्न इथल्या संसदेतही आला होता. एप्रिल २०१४ मध्ये 'इटा' वादळाने या किनाऱ्यावरची प्रचंड झाडं लोळवली. त्याच वर्षी खास कायदा करून राखीव जंगलातली पडलेली झाडं उचलायला परवानगी दिली. राष्ट्रीय उद्यानं वगळून, पाच वर्षांपुरती. हेलिकॉप्टरने ओंडके उचलले. समर्थक म्हणाले, रोजगार मिळेल, नाहीतर लाकूड वाया जाईल. विरोधक म्हणाले, जंगलाचं खत आणि रोपवाटिका नेताय. गावात काम नसणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे पहिला मुद्दा मला कळतो. 'वाया' हा शब्द मात्र खटकतो.

ती मुदत केव्हाच संपली. ज्यांना कोणी उचललं नाही, ते रिमू तिथेच आहेत. रोपं मोठी व्हायला वेळ आहे. रिमू फार सावकाश वाढतो, आणि जगला तर सहज सहाशे वर्षं जगतो.