प्रिंटर मेला नाही, वाट चुकला आहे



शेतकऱ्याच्या घरात छपाईचं यंत्र येईल, असं आपल्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसून चिलीम झटकली असती. पण आज पुष्कळ गावांत एखाद्या तरी घरी, टेबलावर, जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकलेला छोटा प्रिंटर असतोच. सातबाऱ्याचा उतारा, पीक विम्याची पावती, पोरांचे अर्ज, बँकेत द्यायच्या आधारकार्डाच्या प्रती, कागद काही संपत नाहीत. एका पानासाठी तालुक्याला जायचं म्हणजे गाडीभाडं गेलं, अर्धा दिवस गेला, आणि रानातलं काम राहिलं ते वेगळंच. म्हणून हे यंत्र ज्या घरी आहे, त्या घराला सारी आळी धरून असते.

आणि हेच यंत्र नेमकं नडीच्या वेळी गप्प बसतं. दिवा लागलेला, कागद भरलेला, शाई आहे, पण मोबाईलवरून कितीही हुकूम सोडा, पान काही बाहेर येत नाही. अशा वेळी घरातलं कुणी तरी म्हणतं, "गेलं वाटतं हे." माझं सांगणं एवढंच आहे की, एवढ्यात सुतक धरू नका. शंभरातल्या किती वेळा ते मी मोजलेलं नाही, पण बहुतेक वेळा यंत्र धड असतं. तुटलेली असते ती वाट.

तुम्ही रानात पाणी देता. विहिरीवर मोटार चालू आहे, आणि शेवटच्या वाफ्यात पाणी नाही. तेव्हा तुम्ही काय करता? मोटार खोलायला बसत नाही. खोरं खांद्यावर टाकता आणि पाटाच्या कडेने चालत निघता. कुठे पाट फुटलाय, कुठे दारं मोडायचं राहिलंय, ते बघता. बिनतारी प्रिंटरचंही तसंच आहे. मोबाईलकडून हुकूम निघतो, तो भिंतीवरच्या राउटरच्या पेटीत जातो, आणि तिथून प्रिंटरला पोचतो. एवढाच हा पाट. तो दिसत नाही, इतकाच काय तो फरक.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. शेजारची मुलगी रात्री नऊ वाजता आली. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा, पहाटेची एस.टी., आणि हातात प्रवेशपत्राचा कागद नाही. तालुक्याची दुकानं बंद झालेली. इकडे आमचा प्रिंटर हूं की चूं करीना. तालुक्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला, तर त्याने न बघताच निकाल दिला, "बोर्ड गेला असणार, आता नवीनच घ्या." मुलीचा चेहरा एवढासा झाला.

आमची सूनबाई म्हणाली, "मामा, आधी नक्कल तर काढून बघू." तिने काचेवर एक जुनी पावती उपडी ठेवली आणि प्रिंटरवरचंच नक्कल काढायचं बटण दाबलं. पान छान बाहेर आलं! म्हणजे शाई ठीक, कागद ठीक, यंत्र ठीक. मोबाईल, राउटर, हे काही मध्ये न येता पान निघालं, तेव्हा खोट वाटेतच असली पाहिजे. ही पहिली परीक्षा तुम्हीही ध्यानात ठेवा. ज्या प्रिंटरला नक्कल काढायची काच आहे, त्याला ही परीक्षा एका मिनिटात घेता येते.

मग तिने कपाटातून प्रिंटरची तार काढली, मुलाचा संगणक आणून तारेने जोडला आणि प्रवेशपत्र छापून दिलं. मुलगी गेली, पेपर देऊन आली. वाटेची दुरुस्ती सकाळी निवांतपणे झाली. अडलेलं काम आधी तारेने उरकावं आणि मग कारण शोधावं. म्हणून ती तार फेकू नका, प्रिंटरजवळच खुंटीला अडकवून ठेवा.

कारण काय निघालं? आदल्या आठवड्यात इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन जुनी पेटी काढून नवी बसवून गेला होता. नव्या पेटीचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. मोबाईलांना आम्ही नवा पासवर्ड दिला होता. प्रिंटर बिचारा जुन्या नावाचीच वाट बघत बसला होता. वाडा सोडून गेलेल्या धन्याची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखा! त्याला नवं नाव आणि पासवर्ड सांगितला, आणि तो कामाला लागला.

आता पाटाच्या कडेने आपण क्रमाने चालू.

पहिलं, मोबाईल बघा. तो घरच्या वाय-फायवर आहे, की सिमकार्डाच्या इंटरनेटवर? सिमकार्डावर असेल तर त्याला घरातला प्रिंटर बहुधा दिसतच नाही. दोघं एकाच पेटीला जोडलेले हवेत.

दुसरं, सगळं बंद करून पुन्हा चालू करा, पण क्रमाने. आधी राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं दम धरा. मग प्रिंटर चालू करा. वीज गेली आणि आली की सगळं एकदम सुरू होतं, आणि प्रिंटर आधी जागा होऊन राउटरला हाका मारतो, तेव्हा राउटर झोपेतच असतो.

तिसरं, अडकलेले जुने हुकूम पुसून टाका. पाच वेळा छापा म्हणून दाबलेलं असतं. त्यातला पहिला अडला की मागचे सगळे, कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या उभ्या राहाव्यात, तसे उभे राहतात.

चौथं, नंबर. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. वीज जाऊन आली की कधी कधी हे नंबर बदलतात. मग संगणक जुन्याच नंबरच्या दारावर टकटक करीत राहतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे म्हणून सांगतो. अशा वेळी संगणकातून तो प्रिंटर काढून पुन्हा जोडावा. हे वारंवार होत असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवता येतो. जाणत्या पोराकडून एकदा तेवढं करून घ्या.

पाचवं, लहरी. घरच्या वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी. घरगुती स्वस्त प्रिंटरांपैकी पुष्कळांना फक्त 2.4 चीच भाषा येते. राउटरवर ती बंद झाली असेल तर प्रिंटर बहिरा होतो. शिवाय जाड दगडी भिंत, पत्र्याची धान्यकोठी, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी ही सगळी लहरींना अडवतात. आठ दिवस प्रिंटर राउटरजवळ ठेवून बघा, म्हणजे दोष जागेचा आहे का ते कळेल.

आणि पेटी बदलायला माणूस आला, तर त्याला सांगा, "बाबा, नव्या पेटीला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दे." अक्षरन् अक्षर तेच ठेवलं, इंग्रजी लहान-मोठी अक्षरंसुद्धा, म्हणजे घरातली यंत्रं बहुतेक आपापली जोडून घेतात. ते नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं मात्र नको.

एवढं करूनही वाट सापडली नाही, तर जाणत्या माणसाला जरूर बोलवा. पण "नवीन घ्या" हे शब्द कानावर आले, की आधी विचारा, "नक्कल निघते, मग बिघडलंय काय?" कष्टाचे काही हजार रुपये या एका प्रश्नाने वाचतात. ज्या बायाबापड्या, पोरीबाळी रात्री आपल्या दारात कागदासाठी येतात, त्यांनाही मग रिकाम्या हाताने परत जावं लागत नाही.