राखण विहिरीची

बीडजवळच्या खजाना विहिरीचं पाणी बोगद्यातून शेतांकडे जातं. निजामशाहीतल्या, सोळाव्या शतकातल्या या बांधकामाला मोटार लागत नाही, उतारच सगळं काम करतो. अशा ठिकाणी राखण विहिरीची करायची. तिच्यात कोणी काही कालवलं तर ते वाफ्यावाफ्यात पोचणार. कार्यालयातल्या अपडेट सर्व्हरचंही हेच आहे. शेकडो संगणकांना दुरुस्त्या वाटणारं एकच यंत्र, आणि बाकीचे सगळे त्याचं मुकाट ऐकतात. आपण मात्र अँटिव्हायरस आणि पासवर्डची कडक शिस्त लावतो ती टेबलावरच्या संगणकांना.

‘अपडेटवर डिजिटल सही असते की!’ असते, पण ती पाकिटाची हमी देते. पाकीट वाटणाऱ्याची हमी कोण देणार? मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसयूएस या अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरमधल्या सीव्हीई-२०२५-५९२८७ या त्रुटीत (गांभीर्य १० पैकी ९.८) सहीला हात लावायचीही गरज नव्हती. आलेली कुकी उलगडताना आत नेमकं काय बांधलंय हे सर्व्हर तपासत नसे. त्यामुळे लॉगिनशिवाय धाडलेला कोड थेट ‘सिस्टीम’च्या अधिकाराने चाले. १४ ऑक्टोबर २०२५चा पॅच अपुरा पडला आणि २३ तारखेला वेळापत्रक मोडून दुसरा काढावा लागला. तो बसवेपर्यंत ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट अडवायचे, नाहीतर सेवाच बंद ठेवायची. वैद्यालाच आधी औषध द्यायची वेळ!

‘जिल्ह्याच्या गावी कोण कशाला येतंय?’ हा आक्षेप मला जास्त धोक्याचा वाटतो. २७ जून २०१७ला युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम सुटला, आणि न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. न्हावा शेव्यावर कोणी नेम धरला नव्हता. मग अपडेटच बंद करावीत का? तेही नाही. नॉटपेट्या जाळ्याच्या आत ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७मध्येच आली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांच्याकडे ती वाट उघडीच राहिली. म्हणून अपडेट चालू ठेवावीत, पण वाटणाऱ्या यंत्रावर दुसरं कुठलंही काम लादू नये, त्याच्यापर्यंत फक्त आपल्या जाळ्यातूनच पोचता यावं, त्याचं ॲडमिन खातं वेगळं असावं आणि पॅच सर्वांत आधी त्याला लागावा. यातली पोचण्यावरची मर्यादा फायरवॉलच्या दोन-चार नियमांत बसते, तिला वेगळं बजेट लागत नाही. तुमच्याकडे डब्ल्यूएसयूएस असेल तर आजच बाहेरच्या इंटरनेटवरून ८५३० उघडा दिसतो का, तेवढं बघा.