दारं उघडी असताना

वाफेच्या इंजिनाचं सगळं बाहेर असतं. दांडे हलतात, चाकं दिसतात, धुराडं बघून चढ लागल्याचं कळतं आणि आतला फायरमन किती घामाघूम झाला असेल तेही. फोटो काढणाऱ्यानं फक्त चांगली जागा धरून उभं राहायचं. डिझेल त्या मानानं फार घुमं. सगळा पराक्रम पत्र्याच्या आत. इंजिन चालू आहे की बंद, हेसुद्धा कान देऊन ओळखायचं.

अमेरिकेतल्या रेल्वेवेड्यांनी त्याच्यावर राग धरला, त्यात नवल नाही. १९३९ साली इलेक्ट्रो-मोटिव्ह या कंपनीनं ‘एफटी’ हे चार भागांचं, ५,४०० अश्वशक्तीचं मालगाडीचं इंजिन प्रात्यक्षिकासाठी रुळांवर आणलं. वीसेक रेल्वे कंपन्यांकडे मिळून ते ८३ हजार मैलांहून जास्त धावलं, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथली वाफ संपली. मग कॅमेरे निघाले ते वाफेला निरोप द्यायला. नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफ शेवटपर्यंत धरून ठेवणारी मोठी कंपनी. तिच्या मार्गावर ओ. विन्स्टन लिंक १९५५ पासून फ्लॅशबल्बच्या माळा लावून रात्री-रात्री इंजिनं टिपत होता. त्या काळी यार्डात शेजारच्याच रुळावर नवंकोरं डिझेल उभं असे, पण त्याच्याकडे वळून बघायला कुणाला सवड नव्हती. शौकिनांचा एक नियम होता: चाकांना जोडलेले दांडे खाली आले की मगच बटण दाबायचं, म्हणजे चाकं मोकळी दिसतात. डिझेलला दांडेच नाहीत. नियम तरी कशाला लावणार?

म्हणून जॅक डेलानोचे फोटो मला मोलाचे वाटतात. तो रेल्वेवेडा म्हणून गेला नव्हता. युद्धाच्या काळात सरकारच्या माहिती खात्यानं त्याला कामावर पाठवलं होतं. मार्च १९४३ मध्ये सँटा फे रेल्वेबरोबर तो शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे निघाला आणि वाटेतली यार्डं, शेड, कारखाने टिपत गेला. काही फोटो कोडाक्रोमवर, म्हणजे रंगीत. त्या वेळची कोडाक्रोम भलतीच मंद; तिला रग्गड उजेड लागायचा आणि शेडमध्ये नेमकी त्याचीच टंचाई.

त्यातला एक फोटो मी पडद्यावर मोठा करून बघतो. कॅन्सस सिटीचं अर्जेंटाइन यार्ड, तिथलं राउंडहाउस आणि आत ५,४०० अश्वशक्तीचं डिझेल धुतलं जातंय. बाहेर मालाच्या डब्यांचा तुंबारा असेल, युद्धाची घाई असेल, पण इथे इंजिनाची आंघोळ चालली आहे. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या जागेत हा नवा पाहुणा, आणि त्याच्याभोवती माणसं. दुसरा फोटो अल्बुकर्कीचा. ‘सुपर चीफ’ या गाडीचं डिझेल फलाटावर उभं आहे. नोंद म्हणते की त्याच्या देखभालीला पाच मिनिटं पुरतात. वाफेच्या इंजिनाची राख काढा, पाणी भरा, ठरल्या दिवशी बॉयलर धुवा, यात तासचे तास जात. त्या पाच मिनिटांत रेल्वेचा फायदा होता. शेडवर पोट असलेल्या गावांच्या तोंडचा घास मात्र गेला.

डिझेल खुलतं ते दुरुस्तीच्या कारखान्यात. बाजूची दारं उघडली की इतका वेळ गप्प असलेलं यंत्र बोलायला लागतं. आत दोन रांगांत सोळा सिलिंडर. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज आसांवरच्या मोटरींना जाते आणि मोटरी चाकं फिरवतात. एक सिलिंडर बिघडला तर हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड असा सगळा संच क्रेननं वर उचलायचा आणि तयार ठेवलेला दुसरा बसवायचा. वर साखळीला तेलानं चकाकणारा लायनर लोंबतोय, खाली एक फिटर एका हातानं त्याला दिशा देतोय आणि दुसऱ्या हातात चिंधी. फोटो काढायचा तर हा. लिंकच्या इंजिनाला भव्यता होती. इथे माप कळतं: माणसाच्या हाताशेजारी यंत्राचं.

एका डिझेलनं मात्र वाफेचा वारसा सांभाळला. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचं इंजिन जोर लावताना टर्बो गती घेईपर्यंत काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडतं. अमेरिकेतले शौकीन त्याला लाडानं ‘मानद वाफेचं इंजिन’ म्हणतात. अल्कोनं १९६९ साली इंजिनं बांधणं थांबवलं. तिचा आराखडा मात्र वाराणसीत नांदत राहिला. तिथल्या कारखान्यातून १९६४ साली पहिलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन बाहेर पडलं, आणि अल्को वंशाची इंजिनं पुढे अनेक दशकं तिथे घडली. पुणे-मिरज मार्गावर किंवा कोकणातल्या बोगद्यातून बाहेर पडताना आपण जो काळा धूर बघितला, ‘केवढा हा धूर’ म्हणून नाकाला रुमाल लावला, त्याचं माहेर स्केनेक्टडी.

आता कोकण रेल्वेवरही २०२२ पासून सगळीकडे विजेच्या तारा आहेत. डिझेलच्या निरोपाचे फोटो निघतील, हार घातलेली इंजिनं, सेल्फी, सगळं यथासांग. पण पुण्यातल्या घोरपडीच्या शेडमध्ये झाकण उघडून, पालथं पडून काम करणाऱ्या फिटरचे फोटो किती निघाले? रेल्वेच्या हद्दीत कॅमेऱ्याला परवानगी लागते, हे खरं. पण खरी अडचण परवानगीची नव्हती. रोज दिसणाऱ्या वस्तूचा फोटो काढावा असं आपल्याला वाटतच नाही. डेलानोला ते वाटलं, कारण ते त्याचं काम होतं. हौसेकडून जे राहून गेलं ते पगारानं करून घेतलं. तेव्हा ज्याच्या शेडमध्ये ओळख असेल, त्यानं हाराची वाट बघू नये. आजच, दारं उघडी असताना, जाऊन यावं.