ओझे वाहणारा लिओ

ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रसेल्सला इंटरनॅशनल लीडरशिप असोसिएशनच्या परिषदेला आम्ही दोघी शिक्षिका गेलो. भाषणे पुष्कळ ऐकली. बरीचशी साहेबलोकांसाठीच होती. मनात राहिले ते रॉबर्ट ग्रीनलीफ. टेलिफोन कंपनीत हयात काढलेल्या या अमेरिकी गृहस्थांनी १९७० मध्ये 'सेवक हाच नेता' ही कल्पना मांडली. ती त्यांना सुचली हेरमान हेस यांच्या एका कादंबरीवरून. तीत प्रवाशांची पडेल ती कामे करणारा लिओ एक दिवस नाहीसा होतो आणि तांडा मोडतो. पुढे कळते, त्या पंथाचा प्रमुख तोच!

आम्हांला हजरत उमर (रजि.) आठवले. उपाशी मुलांसाठी पिठाचे पोते पाठीवर वाहिल्याची रिवायत आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. पण ते खलिफा आधीच होते. लिओला मात्र कोणी ओळखलेच नव्हते.

आमच्या मोहल्ल्यात बायकांच्या मय्यतीचा गुस्ल, गरीब मुलींची फी, सारे एक खाला पाहतात. जमातीच्या बैठकीचे बोलावणे त्यांना कधी जात नाही. परतल्यावर आम्ही सदरसाहेबांकडे तेवढेच मागितले. "विचार करू," ते म्हणाले.

खालांना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मगरिबनंतर ठेवू नका म्हणावं. तेव्हा मुली शिकायला येतात."