मिलिंद म्हणजे भुंगा नव्हे

बाळांच्या नावांचं कोणतंही पुस्तक उघडा. 'मिलिंद' या नावासमोर अर्थ दिलेला असतो: भुंगा. संस्कृत शब्दकोशातही तो अर्थ आहे. पण माझ्या वडिलांनी मला भुंगा समजून हे नाव दिलं नाही. ते तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांनी मुलाला आपल्या कॉलेजचं नाव दिलं.

आणि कॉलेजला ते नाव कुठून आलं? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली हे महाविद्यालय सुरू केलं, पुढे त्याला 'मिलिंद' नाव मिळालं. हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. वादविवादात त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. भिक्खू नागसेनांनी मात्र त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि त्याने ते मान्य केलं. बुद्धीचा अभिमान असावा, पण समोरच्याचं पटलं तर मान्य करण्याचा प्रामाणिकपणाही असावा, हा त्या नावातला आदर्श आहे.

आता माझ्या आजोबांचं नाव ऐका: कचरू. गावात हाक मारायचे 'कचऱ्या'. कुणी म्हणेल, यात जात कशाला आणता? मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवत. हे खरं आहे. पण पुढचं बघा. धोंडो केशव कर्वे 'महर्षी' झाले. वरच्या आळीतला धोंडू मोठा झाला की 'धोंडोपंत' व्हायचा. आमच्या वस्तीतला धोंडू सत्तर वर्षांचा झाला तरी 'धोंड्या'च राहायचा. पाटलाचं शेंबडं पोरही त्याला अरे-तुरे करायचं. शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गावाला तो पाठ नव्हता. पण गाव तो पाळत होतं.

म्हणून 14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरांत जे घडलं, ते केवळ नावं बदलणं नव्हतं. कचरूचा नातू मिलिंद झाला, धोंडाबाईची नात सुजाता झाली. राहुल, सिद्धार्थ, आनंद, यशोधरा, प्रज्ञा. ज्यांना नाव ठेवण्याचाही अधिकार नीट नव्हता, त्यांनी दोन-अडीच हजार वर्षांच्या इतिहासातून आपली नावं स्वतः निवडली. नावात काय आहे, असं विचारणाऱ्यांना मराठवाडा विचारा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंसारख्यांचा जीव गेला. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला.

आज मात्र आपल्यातलेच काही तरुण आई-वडील म्हणतात, 'कळायला नको' असं नाव ठेवू. त्यांची अडचण मला कळते. भाड्याचं घर बघायला गेलो की मलाही विचारतात, "मिलिंद... पुढे?" नुसत्या मिलिंदवरून अंदाज येत नाही, हे नाव सगळ्यांतच आहे. आडनाव सांगितलं की घर 'कालच दिलं' असतं. पण नाव लपवून प्रश्न सुटतो का? आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून नाही तर देव विचारतात. विचारणाऱ्याला जात हवी असते, नाव हे फक्त निमित्त.

गंमत म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातला संवाद नावावरूनच सुरू होतो. राजा नाव विचारतो. भिक्खू सांगतात, मला नागसेन म्हणतात, पण ते व्यवहारापुरतं. त्या नावामागे कायमचा असा कुणी 'नागसेन' सापडणार नाही. मग ते रथाचा दाखला देतात: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. हाच दाखला जातीला लावून बघा. रक्तात शोधा, हाडात शोधा, कातडीत शोधा, जात कुठेच सापडत नाही. लोकांनी लावलेलं ते एक नाव आहे. जे लावलं, ते काढताही येतं. पण आपण तोंड लपवून ते निघणार नाही. लावणाऱ्याला प्रश्न विचारूनच निघेल.

आणि एक प्रश्न आपल्या माणसांनाही. पुढच्या चर्चेआधी नागसेनांनी राजाला अट घातली होती: विद्वानांसारखी चर्चा करणार असशील तर बोलू, राजांसारखी करणार असशील तर नाही. विद्वान चूक दाखवली तर रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. आज आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, बैठकांत, गटातटांत आपण कुणासारखे बोलतो? वेगळं मत मांडलं की 'दलाल', प्रश्न विचारला की 'रिमूव्ह'. घरोघरी मिलिंद आहेत, पण पटलं तर मान्य करणारे किती?

मुलांना ही नावं जरूर ठेवा, अभिमानाने ठेवा. पण नावाबरोबर त्याची गोष्टही सांगा. मिलिंदला सांगा, प्रश्न विचार, कुणालाही विचार. आणि उत्तर पटलं तर मान्य करायला लाजू नकोस. एवढं झालं नाही, तर पुस्तकातला अर्थच खरा ठरेल आणि आपल्या घरात नुसते भुंगे गुणगुणत राहतील.

जयभीम!