लुगड्याची गोधडी

मैत्रिणींनो, स्टीलच्या एका पातेल्यासाठी मी सासूबाईंची दोन जुनी लुगडी भांडेवालीला देऊन टाकली, हे आज कबूल करते. त्या रागावल्या नाहीत. संध्याकाळी ट्रंक चाचपून एवढंच म्हणाल्या, "त्यात हिरवं होतं ना गं?"

उरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवायचं मी त्याच रात्री ठरवलं. आमच्या ट्रॉम्ब्यात खाडीचा दमट वारा, थंडी ती कसली! ह्यांनी थट्टाही केली.

खर्च म्हणाल तर जाड दोरा नि मोठी सुई. नऊवारी म्हणजे २७ फूट. तिचे चार सारखे तुकडे करा. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. मध्ये जुन्या चादरी, धोतरं, धुऊन कडक वाळवलेली. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरा, आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी आत आत या. मी अर्धवेळ शिक्षिका, शाळेच्या घाईत कच्चे टाके गाळले. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण बोटांना बरोबर कळलं. "इथं झोळ आलाय. उसव." दोन संध्याकाळी नुसतं उसवण्यात गेल्या!

पुरी झाल्यावर त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, एका काठाशी थांबल्या. "हे ह्याच्या बारशातलं."

त्या पातेल्यात मी रोज दूध तापवते. हिरव्याचा विषय त्या काढत नाहीत. मीही नाही.