कानीकपाळी

"कानीकपाळी वरडून घसा बसला, पर ह्या पोराला ऐकूच येत नाही," असं आमचे आबा आल्यागेल्याला सांगायचे. ऐकू सगळं येत होतं. त्यांचा आवाज तीन वावरं ओलांडून जायचा.

गोष्ट कालव्याच्या पाण्याची. १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. त्याचा डावा कालवा आमच्या भागातून पुढं परभणीकडं गेला. तीर्थपुरीच्या कोरडवाहू माणसाला पाणी म्हणजे देवच. मी नुकता दहावी शिकलेला. खालच्या काळ्या वावरात ऊस लावला अन् रातभर पाणी सोडून घरी झोपायला लागलो.

आबा बांधावरून ओरडायचे, "आरं, काळी जमीन हाय! पाणी धरून बसती. आधी चर काढ!" मी लांबूनच हात वर करायचो अन् माझंच खरं करायचो.

चार-पाच वर्षांत वावर पांढरं फुललं. भारी जमिनीतून पाणी लवकर निचरत नाही. साचलेलं पाणी उन्हानं वर ओढलं जातं, त्याच्यासंगं खारही वर येतो. ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडला.

त्या दिवशी आबा ओरडले नाहीत. माझ्याजवळ उकिडवे बसले, एक ढेकूळ हातात दिलं अन् हळूच म्हणाले, "चाटून पाह्य."

चाटलं. खारट.

"उद्या चर काढू," एवढंच बोलले.

पुढं कधीतरी त्या शब्दाचा विचार केला. घरी, दारी, तसंच कानी अन् कपाळी. म्हणजे कानात, कपाळावर. लांबून हाका मारणाऱ्याचा हा शब्दच नाही. कपाळाला कपाळ लागेल इतकं जवळ जाऊन, पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याचा आहे. आम्ही त्यातलं ओरडणं तेवढं उचललं, जवळ जाणं राहिलं. अन् कपाळ म्हणजे नशीबही. आबा म्हणायचे, "कानात शिरलं नाही तं कपाळी येतं."

चर काढले, धैंचा पेरून गाडला, तेव्हा वावर हळूहळू वळणावर आलं. एक कोपरा मात्र अजून पांढराच आहे.

परवा पोरानं त्याच वावरात मोटार चालू ठेवली अन् मोबाईल पाहत बसला. मी बांधावरून ओरडलो. त्यानं लांबूनच हात वर केला.

मग मी चप्पल काढली अन् चिखल तुडवत त्याच्याजवळ गेलो.